कापलं जाण्यासाठी काढलेलं चित्र : केफ फॅसेट आणि क्विल्टचं कापड

साडीचा पदर जसा काढला तसाच खांद्यावर येतो. पडद्यावरचं झाड झाडासारखंच लोंबतं. क्विल्टसाठी, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसाठी, काढलेल्या कापडाच्या नशिबी मात्र हे सुख नाही. ते ग्राहकाच्या घरी पोचतं आणि पहिली गाठ कात्रीशी पडते. जो माणूस ते कापतो त्याने डिझायनरला कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या मनात वेगळंच चित्र असतं, आणि त्या चित्रात या कापडाचे दोन-दोन इंचांचे तुकडे दहा परक्या कापडांच्या शेजारी बसणार असतात. म्हणजे डिझायनरने महिनोन्‌महिने खपून काढलेलं चित्र जसंच्या तसं फार कमी लोक बघतात.

असं काम एखादा हाडाचा चित्रकार का पत्करेल? आणि पत्करलं तर वर्षानुवर्षं त्याला विषय कुठून पुरतील? हे तपासायला केफ फॅसेट या मूळच्या चित्रकाराचं प्रकरण सोयीचं आहे. शिवणकाम हा त्यांचा मूळ धंदा नव्हता, क्विल्टच्या जगात ते साठीच्या उंबरठ्यावर शिरले, आणि तरीही गेल्या पंचवीसेक वर्षांत या कापडाचा चेहरामोहरा बदलणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांचं नाव आधी घेतलं जातं.

आधीचा चित्रकार

फॅसेट यांचा जन्म 1937 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बालपण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर इथे गेलं. तिथे त्यांच्या आईवडिलांनी 1949 मध्ये ‘नेपेन्थी’ नावाचं उपाहारगृह सुरू केलं, आणि लेखक, चित्रकार, नर्तक अशा मंडळींचा तिथे राबता असायचा. शाळा तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचारांतून निघालेली, ओहाय खोऱ्यातली ‘हॅपी व्हॅली’. एकोणिसाव्या वर्षी बॉस्टनच्या कलाशाळेची शिष्यवृत्ती मिळाली, पण ते तिथे फार काळ टिकले नाहीत. चित्रं काढायची तर काढत सुटावं, असा एकूण बाणा. 1964 मध्ये ते लंडनला गेले आणि तिथलेच झाले.

त्या काळात ते स्थिरचित्रं काढत. मांडणीत चिनी मातीची भांडी, कपडे, फळं. रंगांचा बादशहा म्हणून आज ज्यांची ख्याती आहे त्यांची सुरुवातीची बरीच चित्रं पांढऱ्यावर पांढरी होती, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी किटली काढायची तर चित्रकाराला एकच हत्यार उरतं: उजळपणातले बारीक फरक. भिंत किंचित निळसर, किटलीचं पोट किंचित पिवळसर, सावली राखी. डोळा तयार होतो तो इथे. पुढे जो भाग येणार आहे त्याची किल्ली मला या पांढऱ्या चित्रांत दिसते.

मग स्कॉटलंडची एक सफर झाली. सोबत बिल गिब हा तरुण फॅशन डिझायनर होता. तिथल्या लोकरीच्या गिरणीत फॅसेट यांना त्या डोंगराळ मुलुखाचेच रंग लोकरीच्या लडींमध्ये दिसले. लडी विकत घेतल्या, पण विणता कुठे येत होतं? परतीच्या आगगाडीत एका सहप्रवासी बाईंनी टाके घालायला शिकवलं. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेलाय की त्याला आता दंतकथेची कळा आली आहे, पण त्यातून निघालेलं काम खरंखुरं आहे. गिब यांच्यासाठी विणकाम, मग मिसोनी या इटालियन घराण्यासाठी काम, एर्मन कंपनीसाठी जाळीच्या कापडावरचं भरतकाम, यॉर्कशरच्या रोवन या लोकर कंपनीसोबत दीर्घ संबंध. 1988 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. हयात असलेल्या वस्त्रकलाकाराचं असं एकट्याचं प्रदर्शन त्या संग्रहालयात प्रथमच होत होतं.

तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. नाव झालं होतं, काम होतं. इथे थांबले असते तर विणकामाच्या इतिहासात एक ठळक परिच्छेद मिळवून गेले असते.

दुकानात न मिळणारं कापड

क्विल्टकडे त्यांना ओढणारी व्यक्ती म्हणजे लायझा प्रायर लूसी. या अमेरिकन बाई मूळच्या लोकरीच्या धंद्यातल्या, रोवनच्या विक्रीचं काम बघणाऱ्या, आणि जातिवंत क्विल्टकार. दोघांनी मिळून केलेलं ठिगळकामाचं पहिलं पुस्तक 1997 मध्ये आलं. वाटणी सरळ होती: रंगांची निवड आणि मांडणी फॅसेट यांची, तंत्राचा भार लूसी यांचा.

त्या वेळचा बाजार कसा होता हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. अमेरिकेत क्विल्टला नवी झळाळी आली ती 1970 च्या दशकात. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जॉनथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या जुन्या क्विल्ट भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या. 1976 मध्ये देशाच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने आजीच्या पेट्या घरोघर उघडल्या गेल्या. 1979 मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने गोल पात्याचा कटर बाजारात आणला, आणि कात्रीने तासन्‌तास चालणारं कापणं पट्टी लावून काही मिनिटांत होऊ लागलं. लोक वाढले, वेग वाढला. क्विल्टसाठी म्हणून विकलं जाणारं छापील सुती कापड मात्र बहुतांशी जुन्याच वळणाचं राहिलं: बारीक बुंदके, बारीक फुलं, फिकट जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग. कारण उघड आहे. तुकडा लहान, तर नक्षीही लहान, असा सगळ्यांचाच हिशेब.

चित्रकाराच्या दृष्टीने हा हिशेब फसवा आहे. बारीक नक्षीचं कापड चार पावलांवरून बघा. निळ्या जमिनीवरची पांढरी फुलं विरघळतात आणि उरतो एकसारखा फिका निळा रंग. जवळून लाख गोजिरं असो, लांबून ते साधं रंगवलेलं कापडच. अशा तुकड्यांची क्विल्ट केली की प्रत्येक चौकोन आपल्या कडेपाशी थांबतो आणि शिवण ठसठशीत दिसते. भूमितीच दाखवायची असेल तर हे उत्तम. फॅसेट यांना भूमिती मागे ढकलून रंग पुढे वाहू द्यायचा होता. त्यासाठी मोठी नक्षी हवी होती, आणि तीही क्विल्टच्या वजनाच्या सुती कापडावर. ती पुरेशी मिळेना तेव्हा त्यांनी स्वतः कापड काढायला घेतलं.

हिशेब अडीच इंचांचा

इथे थोडं गणित करू, कारण या धंद्यातली बरीचशी सर्जनशीलता या गणिताच्या आत घडते.

क्विल्टचं सुती कापड साधारण 44 इंच, म्हणजे सुमारे 110 सेंटिमीटर पन्ह्याचं असतं. दुकानात त्याचा एक लोकप्रिय तुकडा मिळतो, ‘फॅट क्वार्टर’ नावाचा: अर्धा यार्ड लांबी आणि अर्धा पन्हा, म्हणजे 18 बाय 22 इंच. त्यातून अडीच इंचांचे चौकोन कापले तर एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला आठ, असे 56 निघतात. चारही बाजूंना पाव इंच शिवणीत जातं. राहतो दोन इंचांचा चौकोन. सव्वासहा चौरस इंचांतले चारच डोळ्यांना दिसतात, बाकी 36 टक्के कापड शिवणीच्या पोटात.

आता बारीक बुंदक्यांच्या कापडाचे 56 चौकोन एकमेकांसारखेच असतात. सात इंच व्यासाच्या गुलाबाच्या कापडाचं तसं होत नाही. एका चौकोनात पाकळीची कड येते, गुलाबीतून किरमिजीकडे जाणारी. दुसऱ्यात देठाचा हिरवा तिरका पट्टा. तिसऱ्यात नुसती जांभळी जमीन आणि कोपऱ्यात पानाचं टोक. फूल म्हणून काही उरतच नाही. उरतात रंगांचे उतार, आणि हे उतार शेजारच्या तुकड्यातल्या उतारांना जाऊन मिळतात. शिवण कुठे आहे ते शोधावं लागतं.

त्यात छपाईची भर पडते. गोल फिरणाऱ्या जाळीच्या नळकांड्यांनी कापड छापतात तेव्हा नळकांड्याचा घेर बहुधा 64 सेंटिमीटरचा असतो. नळकांडं एक फेरी पूर्ण करतं तेव्हाच चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. डिझायनरला आपलं चित्र या 64 मध्ये किंवा त्याच्या निम्म्या-पाव भागात बसवावं लागतं, वरची कड खालच्या कडेला बेमालूम जुळवावी लागते. फॅट क्वार्टरची लांबी 18 इंच, म्हणजे 46 सेंटिमीटरसुद्धा नाही. पूर्ण घेराचं चित्र त्यात मावतच नाही! एकाच ताग्यातून एकामागोमाग दोन तुकडे नेणाऱ्या दोन ग्राहकांच्या घरी एकाच नावाचं पण वेगळं कापड जातं. एकीला गुलाब मिळतो, दुसरीला पानं.

बारीक नक्षी काढणाऱ्याला याची फिकीर करावी लागत नाही. मोठी नक्षी काढणाऱ्याला मात्र चित्राचा प्रत्येक कोपरा असा रंगवावा लागतो की तेवढाच वाट्याला आला तरी फसवल्यासारखं वाटू नये. जमीन म्हणून सपाट मोकळी जागा सोडली तर कुणाच्या तरी 56 चौकोनांपैकी निम्मे कोरे निघतील. म्हणून फॅसेट यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या कापडांत जमीन जवळजवळ दिसतच नाही. पानामागे पान, फुलामागे फूल, फटीतही रंग. काहींना हे अंगावर येतं. येतंच. पण त्यामागे हौसेइतकंच हे गणितही आहे.

काचेचा काप

‘रोमन ग्लास’ हे त्यांच्या सुरुवातीच्या आणि सर्वांत चिवट कापडांपैकी एक. एकमेकांना खेटून बसलेली लहानमोठी वर्तुळं, आत वलयं, वलयांत हाताने ओढल्यासारख्या तुटक रेघा. प्रेरणा कुठली, ते नावातच आहे.

रोमन काळातले कारागीर निरनिराळ्या रंगांच्या काचेच्या कांड्या एकत्र जुळवायचे, तापवून एकजीव करायचे आणि मऊ असतानाच ओढून लांब बारीक कांडी काढायचे. ती आडवी कापली की प्रत्येक चकतीवर तेच वलय, तेच फूल. अशा चकत्या शेजारी शेजारी मांडून, पुन्हा तापवून त्यांच्या वाट्या घडवायच्या. एकोणिसाव्या शतकात ही जुनी रीत पुन्हा उजेडात आली, आणि 1840 च्या दशकात बाकारा, सँ-लुई, क्लिशी या फ्रेंच काचकारखान्यांनी तिला पेपरवेटच्या काचेच्या घुमटात बसवलं. फॅसेट यांच्या ‘पेपरवेट’ आणि ‘मिलेफिओरे’ या कापडांचं गोत्र तेच.

या निवडीत योगायोग किती आणि जाण किती हे मला ठरवता येत नाही, पण निवड चपखल आहे. ज्या वस्तूचं सौंदर्यच मुळात कापण्यातून जन्मलं, तीच कापल्या जाणाऱ्या कापडासाठी निवडली गेली. वर्तुळाला वरची बाजू नसते, खालची नसते. चौकोन कसाही फिरवून शिवला तरी नक्षी उलटी होत नाही, हा शिवणाऱ्याचा मोठाच फायदा. वर्तुळ अर्धं कापलं गेलं तरी कमान राहते, पाव कापलं तरी वलयांचा कोपरा. गुलाबाचा तुकडा हा गुलाबाचा तुकडाच असतो. वलयाचा तुकडा मात्र स्वतःच एक पूर्ण नक्षी बनतो.

आणि प्रेरणेचं म्हणाल तर इथे अंतर्ज्ञान वगैरे काही चमकून गेलेलं नाही. संग्रहालयाच्या काचपेटीपुढे उभं राहायचं, वस्तू निरखायची, कागदावर उतरवायची, आणि उतरवताना तिचा आकार बदलायचा. नखाएवढी काचेची चकती कापडावर कपाएवढी होते. मोठं केलं की मूळ वस्तूतली नजाकत जाते, पण रंगांचे थर उघडे पडतात. फॅसेट यांच्या कापडांची यादी बघितली तर बहुतेक सगळं असंच आलेलं दिसतं: काचेतून, चिनी भांड्यांवरून, गालिच्यांवरून, कोबीच्या गड्ड्यावरून, ठिपक्यांवरून. कोरा कागद समोर घेऊन बसण्याची वेळ त्यांनी स्वतःवर येऊच दिलेली नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधल्या जुन्या क्विल्ट समोर ठेवून त्यांनी लूसी यांच्यासोबत 2005 मध्ये नव्या क्विल्टचं एक पुस्तकच केलं. जुन्या क्विल्टवरून नवी क्विल्ट, हे तर सर्रास चालणारं. पण जुन्याची मांडणी जवळपास तशीच ठेवून निव्वळ रंग बदलला की नातं ओळखू येऊ नये इतकी वस्तू बदलते, हे तिथे दिसतं.

तीच जाळी, दुसरा रंग

क्विल्टचं एक छापील डिझाइन बाजारात एकाच रंगात कधी येत नाही. तीन, पाच, सात अशा रंगसंगतींत येतं. छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र जाळी लागते, आणि जाळ्या बनवणं हा मोठा खर्च. एकदा बनल्या की त्याच जाळ्यांत वेगळे रंग भरून पुढची रंगसंगती छापता येते. व्यापाऱ्याच्या लेखी ही काटकसर. अनेक डिझायनर ही पायरी उरकून टाकतात: एक निळी, एक लाल, एक ‘शांत’ करड्या छटांची, झालं.

फॅसेट यांच्या कामात खरी निर्मिती इथे घडते असं माझं मत आहे. समजा एका जाळीत पानं आहेत, दुसरीत पानांमागची जमीन. पहिल्या रंगसंगतीत पानं पोपटी आणि जमीन गर्द जांभळी ठेवली तर पानं उसळून वर येतात. दुसऱ्या रंगसंगतीत पानं वांगी आणि जमीन गर्द जांभळी केली तर पानं बुडतात, आणि मघाशी पानांत लपलेली फुलंच काय ती तरंगत राहतात. रेघ तसूभर हललेली नाही, चित्र मात्र दुसरं. उजळपणा जवळजवळ आणून आकार बुडवणं, दूर नेऊन वर काढणं: पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी किटली रंगवताना हेच तर चाललं होतं. विणकाम, भरतकाम, कापड अशी साधनं बदलत गेली, हत्यार तेच राहिलं.

यामुळेच त्यांच्या क्विल्टमध्ये पांढरा क्वचित येतो. पांढरा तुकडा सगळ्यांत उजळ असल्याने नजर तिथेच अडकते आणि आसपासचे बारीक फरक डोळ्याला दिसेनासे होतात. अमेरिकन परंपरेत पांढरी किंवा बदामी जमीन म्हणजे नक्षीला श्वास घ्यायला दिलेली जागा. ती काढून टाकल्यावर जुन्या मंडळींना गुदमरल्यासारखं झालं तर नवल नाही.

तुकडे शिवण्याआधी ते भिंतीवर लावलेल्या फ्लॅनेलवर चिकटवून बघण्याची त्यांची पद्धत आहे. सुती तुकडा फ्लॅनेलवर टाचणीशिवाय धरून राहतो. मागे सरकायचं, बघायचं, एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा. शिवण त्यानंतर. त्यांच्या शिबिरांत शिकणाऱ्यांचाही बराच वेळ या भिंतीपुढे जातो. शिवणयंत्रावर हात बसलेल्यांना सुरुवातीला ही चैन वाटते.

सगळंच काही छापील नाही. ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या कामासाठी फॅसेट यांनी भारत आणि ग्वाटेमालातल्या विणकरांसोबत काम केलं, आणि भारतात विणलेली पट्ट्यापट्ट्यांची सुती कापडं त्यांच्या क्विल्टसाठीच्या मालिकेत आली. सोबत धूपछाव सुती कापड, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. आपल्याकडे पैठणी ओळखणाऱ्या कुणालाही यातली खुबी सांगायला नको. छापलेल्या गजबजाटात हे साधं कापड शेजाऱ्याचं काम करतं: रंग सपाट नसल्याने ते मेल्यासारखं वाटत नाही, आणि नक्षी नसल्याने भांडतही नाही. फॅसेट यांच्या क्विल्ट जमतात त्यातलं बरंच श्रेय या न बोलणाऱ्या कापडाला आहे, आणि ते फार कमी वेळा दिलं जातं.

एक नाव, तीन हात

‘केफ फॅसेट कलेक्टिव्ह’ या नावाने जे कापड विकलं जातं ते तिघांचं असतं. फॅसेट स्वतः, त्यांचे जोडीदार आणि स्टुडिओ सांभाळणारे ब्रँडन मेबली, आणि फिलिप जेकब्स. मेबली आधी स्वयंपाकी होते. त्यांच्या कापडांत खेळकर, ओबडधोबड आकार जास्त. जेकब्स यांचा मार्ग निराळा. ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या छापील कापडांचे आणि नमुन्यांचे संग्राहक. त्यातली फुलं, शंख, पानकोबी घेऊन ते नव्याने काढतात. रंग मात्र बहुतेक वेळा फॅसेट ठरवतात. ‘ब्रॅसिका’ हे शोभेच्या कोबीचं गाजलेलं कापड जेकब्स यांचं. क्विल्टच्या चाहत्यांना हे माहीत असतं, कारण कापडाच्या काठावर डिझायनरचं नाव छापलेलं असतं. बाहेरच्यांच्या तोंडी मात्र सगळंच ‘केफचं कापड’.

मला ही रचना प्रामाणिक वाटते. रेखाटन एकाचं आणि रंग दुसऱ्याचा, हे छापील कापडाच्या धंद्यात नेहमीचंच. दुसऱ्याचं नाव काठावर येणं तितकं नेहमीचं नाही.

उसन्या प्रेरणेबद्दल मात्र एक काटा टोचत राहतो. त्यांच्या लोकप्रिय कापडांपैकी एकाचं नाव ‘ॲबोरिजिनल डॉट’ आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकारांच्या ठिपक्यांच्या चित्रांचं ऋण त्या नावात उघडच मान्य केलेलं आहे. रोमन काचकाराचे वारस आज दाराशी येणार नाहीत. ते चित्रकार मात्र आज काम करताहेत, आणि त्यांच्या ठिपक्यांना त्यांच्या भूमीच्या आणि पूर्वजांच्या कथा चिकटलेल्या आहेत. समुदायाचं नाव कापडाला देणं आणि त्या समुदायाच्या हाताला काम देणं यातला फरक, भारतातल्या विणकरांसोबत काम केलेल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच डोळ्यात भरतो. ज्या काळात हे नाव ठेवलं गेलं तेव्हा असे प्रश्न दुकानात कुणी विचारत नसे, हे खरं. आता विचारतात.

दर हंगामाला नवं

क्विल्टचं कापड हंगामाने चालतं. कंपन्या वर्षातून किमान दोनदा नव्या मालिका काढतात, शरद ऋतूत ह्यूस्टनला घाऊक व्यापाऱ्यांचा मोठा मेळा भरतो, आणि दुकानदार मागणी नोंदवतात. चित्र कागदावर गवाश या अपारदर्शक जलरंगात पूर्ण झाल्यापासून कापड दुकानात लागेपर्यंत मध्ये जाळ्या, छापून आलेले पहिले नमुने, त्यांतल्या दुरुस्त्या असं बरंच काही असतं. नमुन्यात एक हिरवा जरा जरी निवला तरी सगळी भट्टी बिघडते, म्हणून तो परत पाठवायचा. आणि इतकं करून बहुतेक कापडं एक-दोन हंगामांत संपतात, ती पुन्हा छापली जात नाहीत. ग्राहकाची अर्धी क्विल्ट झालेली असते आणि कापड बंद!

फॅसेट यांनी यातून काढलेली पळवाट साधी आहे. ‘रोमन ग्लास’, ‘पेपरवेट’, ‘गिनी फ्लॉवर’, ‘स्पॉट’ अशी काही कापडं बंद न करता ‘क्लासिक्स’ म्हणून चालू ठेवली, आणि अधूनमधून त्यांत नव्या रंगसंगतींची भर घातली. दर हंगामाला नवी फुलं येतात-जातात, खाली हा ठिपक्या-वर्तुळांचा पाया कायम. ‘स्पॉट’ म्हणजे काय, तर हाताने काढलेले किंचित वाकडे ठिपके. त्याहून सोपं डिझाइन शोधून सापडणार नाही. पण मोठ्या फुलाशेजारी नेमकं तेच लागतं, आणि नव्या हंगामाच्या फुलाला जुन्या पेटीतला ‘स्पॉट’ चालतो म्हटल्यावर ग्राहक परत येतो. धंदा आणि सौंदर्यदृष्टी यांची इतकी सोयीची युती क्वचितच होते.

तरी डिझायनर छापखान्याचा मालक नसतो. 2018 मध्ये कोट्स या दोऱ्याच्या बड्या कंपनीने आपला ‘फ्रीस्पिरिट’ हा कापडविभाग गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा फॅसेट यांच्यासह कितीतरी डिझायनरांची कापडं एका फटक्यात अधांतरी झाली. जाफ्टेक्स या न्यूयॉर्कच्या कंपनीने तो विभाग विकत घेतला म्हणून मालिका तगली. ऐंशी वर्षांचा, संग्रहालयात प्रदर्शन भरलेला कलावंत, आणि त्याचं कापड उद्या छापलं जाईल की नाही हे तिसरंच कुणी ठरवणार. पुढच्याच वर्षी त्यांना ब्रिटनचा एमबीई किताब मिळाला.

शेवटचं चित्र कुणाचं

फॅसेट यांच्या कापडावर घेतला जाणारा मोठा आक्षेप असा की ते दुसऱ्या कुणाच्या कापडात मिसळत नाही. एक तुकडा आणला की दहा आणावे लागतात. आणि दहा आणले की क्विल्ट शिवणारीची राहत नाही, फॅसेट यांची होते. आक्षेपात तथ्य आहे. त्यांच्या पुस्तकातल्या क्विल्ट क्रमांकवार कापडयादीसह जशाच्या तशा शिवणारे हजारो आहेत, आणि त्या क्विल्ट रांगेत टांगल्या तर कोणती कुणाची ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर असे लोकही आहेत जे ‘रोमन ग्लास’ची एकेक चकती वेचून, कडेने नेमकी कापून तिची फुलं बनवतात. काही जण गुलाबाचं कापड चक्क उलटं लावतात, कारण मागच्या बाजूला झिरपलेला फिका रंग त्यांना जास्त आवडतो. काही त्याच्या शेजारी ठसठशीत पांढरा लावतात, म्हणजे फॅसेट यांनी जपून टाळलेलं तेवढंच करतात, आणि त्यातून करकरीत, उजेडाने भरलेली क्विल्ट निघते. ही सगळी मुभा कापडातच आहे, कारण डिझायनरने प्रत्येक कोपरा रंगवून ठेवलाय आणि वरची बाजू कोणती ते मात्र सांगितलेलं नाही. जशाच्या तशा शिवलेल्या हजार क्विल्टपेक्षा पांढरा लावलेली ती एक क्विल्ट मला जास्त बघावीशी वाटते, आणि तीही त्याच काठावरच्या नावाच्या कापडाची आहे.